बॅटरीची वायर कोणीही काढू नये

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, व्यवसायाने कपडे शिवणारी आणि त्याहून जास्त उसवणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे आणि सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात ओवता येतो. मला कोणी धाक दाखवलेला नाही, गोड बोलून भरीसही घातलेले नाही. आमच्या चिरंजीवांनी दोन्ही करून पाहिले, पण त्यांना ते जमत नाही. त्या बाबतीत ते वडिलांवर गेले आहेत.

माझे पती वारले आहेत. या दस्तात त्यांचा उल्लेख 'हे' असाच येईल. उभ्या संसारात मी दुसऱ्या कशाने त्यांचा उल्लेख केला नाही, आता कागदासाठी सवय मोडणार नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खालचे गॅरेज, मी माझ्या एकुलत्या एक चिरंजीवांना देते. स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण बंद होत नाही, कारण तिच्यातून एक वायर खाली गॅरेजात गेली आहे. कलम ६ मधले काम होईपर्यंत ती वायर कोणीही काढू नये. कारण पुढे येईल.

कलम २. शिलाई मशीन आणि मोठी कात्री दुकानात माझ्याबरोबर काम करणाऱ्या ताईंना. त्या कात्रीने कागद कापू नये. मी नसताना त्या कापतात, हे मला माहीत आहे.

कलम ३. गाडी.

हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण भांडण झाले तर हिच्यावरूनच होणार.

हे आयुष्यभर शहराची बस चालवत. त्या कडक सीटवर त्यांची पाठ कामातून गेली. निवृत्तीच्या पैशातून घराला रंग द्यायचा असे आमचे ठरले होते. रंगाचे नमुने आणायला म्हणून गेले आणि काळी, रुंद, बुटकी, आठ सिलिंडरची गाडी घेऊन आले. विकणारा दंतवैद्य होता.

मी विचारले, "अहो, ही आपल्याला पेलणार का?"

"बसून तर बघ," हे म्हणाले.

मी बसले. सीटने पाठीला असे धरले, की मी उतरायचे विसरले.

नवी असताना ही गाडी आमच्यासारखे लोक काचेबाहेरून बघतात. जुनी झाली की ती घेण्याच्या ऐपतीत येते. सांभाळण्याच्या ऐपतीत कधीच येत नाही. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. हिला स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या आहेत. एक फाटली, आणि सकाळी पाहावे तर गाडी एका कोपऱ्यावर मांडी घालून बसलेली. मग इंजिनाजवळचे प्लास्टिकचे पाइप उष्णतेने बिस्किटासारखे झाले. तेल झिरपून गरम भागावर पडू लागले आणि घरभर वास. पुढची चाके एका मापाची, मागची दुसऱ्या, म्हणून टायरची अदलाबदलही करता येत नाही. आमच्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात. त्याचे एक ठरलेले वाक्य आहे: "आता उघडलंच आहे, तर हेही बदलून टाकू." घराला रंग अजून लागलेला नाही.

सदर दंतवैद्याने "डोळे मिटून घ्या" असे सांगितले होते. यांनी ऐकले. म्हणून पहिली फाटकी पिशवी, जी मी गॅरेजात खुंटीला जपून ठेवली आहे, ती मी त्यांना देते. ती त्यांच्या दवाखान्यात, रुग्ण बसलेले असताना पोचवावी.

आणि हे? हे ती गाडी बससारखी चालवत. प्रत्येक बसथांब्यापाशी वेग आपोआप कमी. एकदा एक आजीबाई दार उघडून आत बसल्या. यांनी त्यांना उतरायचे कुठे ते विचारले आणि सोडून आले.

डॉक्टर डोक्याला हात लावायचा. "काका, ही पळायला केलेली गाडी आहे. तुम्ही तिला चालवताय, म्हणून आत काजळी धरतेय."

"माझ्या गाडीत उभ्या माणसाचाही कधी तोल गेला नाही," हे म्हणायचे.

"पण यात उभं कोण राहणार आहे, काका?"

त्या काजळीपायी इंजिन उघडावे लागले. उघडलेच आहे म्हणून आणखी काय काय बदलले, ते लिहीत नाही.

कलम ४. चिरंजीव विमा कचेरीत आहेत. स्वभावाने चांगले आहेत, माझी काळजी करतात. "आई, ती गाडी नाही, खड्डा आहे. कितीही टाक, आवाज येत नाही," हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु त्यांनी गिऱ्हाईक बघून ठेवले आहे. त्याला इंजिन हवे, चाके हवीत, सीटा हव्यात, उरलेली भंगारात. मी डोळे मिटले की आठवड्यात गाडी सोलली जाईल. तसे होऊ नये एवढ्यासाठी मी हा कागद करत आहे. सबब गाडी चिरंजीवांना देत नाही.

कलम ५. गाडी माझ्या सूनबाईला देते. गॅरेज वापरण्याचा हक्क तिला तहहयात राहील. बँकेतील ठेवीचा अर्धा भाग चिरंजीवांचा, अर्धा गाडीच्या पोटापाण्यासाठी सूनबाईचा.

हे वाचून चिरंजीव म्हणतील, "तिला? तिला धड रिव्हर्स जमत नाही." एकदा छोटी गाडी फाटकाला घासली, त्याचे ते अजून भांडवल करतात.

तर ऐका. हे गेल्यावर गाडी उभीच होती. इंजिनाचा पिवळा दिवा लागला. डॉक्टर म्हणाला, "काकू, उघडण्याआधी एकदा मोठ्या रस्त्यावर चांगली ताणून बघा." चिरंजीव दौऱ्यावर होते. सूनबाई आणि मी निघालो.

"आई, किती दाबू?"

"मला काय विचारतेस? ताण म्हणालाय."

तिने ताणली. मी ओरडले, तीही ओरडली, आणि मग ती हसायला लागली. इतकी वर्षे ती आमच्या घरात आहे, तिचे असे हसणे मी ऐकले नव्हते. परत येईपर्यंत दिवा विझला होता. तेव्हापासून आम्ही "बाजारात जाऊन येतो" म्हणून जातो ते त्या मोठ्या रस्त्यावर. चिरंजीवांनी भाजी इतकी कमी का येते, हे कधी विचारले नाही.

कलम ६. वायर.

या गाडीत काहीतरी झोपत नाही आणि बॅटरी उतरवते. डॉक्टरचा उपाय सोपा होता: रोज बॅटरी सोडवून ठेवा. तो मी ऐकला नाही. खिडकीतून वायर सोडून चार्जर कायम लावून ठेवला. चिरंजीव विजेच्या बिलावरून बोलले, त्यांना मी "बॅटरी सोडवली की गाडीतलं घड्याळ चुकतं" असे सांगितले.

खरे कारण असे. दारावर सीटची बटणे आहेत. एक नंबरचे बटण दाबून धरले, की सीट मागे जाते, पाठ ताठ होते, कमरेपाशी उशी फुगते. यांचे बसणे. दुखऱ्या पाठीसाठी आठवडाभर खटपट करून यांनी ते जुळवले होते. बॅटरी सोडवली की गाडीच्या लक्षातून ते पुसले जाते. सूनबाईने गाडी आत लावली, की ती वर जाते आणि मी ते बटण दाबते. सीट सरकते, थांबते. मला यांची आठवण येते. फार येते. माणसांची मापे घेण्यात माझा जन्म गेला, पण यांचे माप माझ्याकडे एवढेच उरले आहे.

माझ्या पश्चात सूनबाईने हे जपत बसू नये. वायर काढावी, नवी बॅटरी घालावी, आणि एक नंबरला स्वतःचे बसणे भरावे.

मात्र त्याआधी एकदाच, चिरंजीवांना त्या सीटवर बसवावे आणि बटण दाबून धरावे. मध्येच सोडू नये. सीट पूर्ण थांबू द्यावी. त्यांची उंची आणि पाठ वडिलांचीच आहे, पँट मीच शिवत आले आहे. काही समजावून सांगू नये. त्यांना पाठीलाच कळेल. नंतर हवे तर गिऱ्हाइकाचा विषय काढावा.

या मृत्युपत्रावर मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे.

स्थळ: माझ्या दुकानातील कापण्याचे टेबल.
दिनांक: गाडीचा विमा संपण्याच्या आदल्या दिवशी.

साक्षीदार १: डॉक्टर (गाडीचा). सही करताना "आता लिहिलंच आहे, तर..." असे म्हणाला. पुढे बोलू दिले नाही.
साक्षीदार २: शेजारचे चष्मेवाले. गाडीत कधी बसलेले नाहीत, म्हणून निःपक्षपाती.

सूनबाईला लाभ मिळत असल्याने तिची साक्ष चालत नाही, आणि यात काय लिहिले आहे ते तिला ठाऊक नाही. आम्हा तिघांना नोंदणी कचेरीत न्यायला ती दाराशी गाडी चालू करून थांबली आहे. इंजिन गरम होईपर्यंत ती निघणार नाही.