एका वेळी एकच बदल

लोर्ना,

वरच्या खोलीतला कॉम्प्युटर बंद करू नकोस, त्याची चाचणी चालू आहे. स्क्रीन निळी झाली तर वेळ तेवढी लिहून ठेव. प्रोसेसरचा वेग मी वाढवलाय, मेमरी मात्र कंपनीनं ठरवलेल्या वेगावरच ठेवलीय. दोन्ही एकदम वाढवलं आणि मशीन बंद पडलं, तर दोष कुणाचा तेच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आपण मात्र एकाच महिन्यात डुलुथ शहर सोडलं, तू नोकरी बदललीस आणि माझी आई आपल्याकडे राहायला आली. तेव्हापासून तू जेवताना बोलत नाहीस. विचारलं की म्हणतेस, "काही नाही, गॅरेट." अगं, काही नाही कसं? यातल्या नेमक्या कशानं बिघडलं? माझं तर डोकंच चालेनासं झालंय.

म्हणून एकेक काढून बघायचं ठरवलंय. पहिला मीच. रविवारपर्यंत डार्लीनताईकडे आहे. मी नसताना तुला बरं वाटलं तर खरं सांग, मी रागावणार नाही. बाकी घरातलं काही बदलू नकोस, नाहीतर पुन्हा घोळ होईल.

गॅरेट

ता. क. आईच्या गोळ्या आठला आणि दोनला. अंघोळीला तिला तुझाच हात लागतो, तेही नेहमीसारखंच राहू दे.