नंतरच्या खेपेतला डबा

मेस्सिना, रविवार

प्रिय आई,

काल बाबांना त्यांच्या गावच्या मातीत ठेवलं. तोवर त्यांना एकटं सोडू नकोस, असं तू बजावलं होतंस. माझ्याकडून तेवढंही झालं नाही. सामुद्रधुनीपाशी आगगाडीचे डबे सुटे करून बोटीत चढवले, तेव्हा शवपेटीचा डबा नंतरच्या खेपेसाठी किनाऱ्यावर राहिला. मला कळलं तेव्हा बोट सुटली होती.

मी रडायला लागले. पूर्वी बाबांबरोबर याच बोटीवर डब्यांना साखळ्या बांधणारे प्लाचिदोकाका तिथे होते. म्हणाले, "अगं वेडे, तुझा बाप लेत्तेरिओ तीस वर्षं सगळ्यांना पार लावून शेवटच्या बोटीनं घरी यायचा. मेल्यावर सुधारेल होय?"

मग ते बोटीबरोबर परत गेले आणि येताना डब्याला हात लावून उभे राहिले. बाबा एकटे नव्हते, आई. मी मात्र सोबत नव्हते.

तोरिनोत थंडी असेल, गुडघे शेकतेस ना? रागावली असलीस तरी दोन ओळी लिही.

तुझीच,
आगातिना