मागच्या वर्षीचा आकडा

२ फेब्रुवारी, सोमवार

कर्ट जेवताना म्हणाला, "डॅड, या वर्षी टॅक्सचं आम्ही ॲपवर करून टाकतो. तुम्हाला कशाला त्रास?"

त्रास! एकेचाळीस वर्षं डुलुथमधल्या निम्म्या लोकांचे फॉर्म भरले. बेकरीवाले, नर्सा, दोन पाद्री. एक घटस्फोट घेतलेलं जोडपं तर दोघंही माझ्याकडेच यायचं, वेगवेगळ्या दिवशी. आणि पोटच्या पोराचा फॉर्म भरायचा म्हणजे मला त्रास! मी सांगितलं, फॉर्म मीच भरणार. सून मेलिंडा नवऱ्याकडे बघत राहिली. तो मान खाली घालून हॉटडिशमधले बटाटे उकरत बसला.

टॅक्सचं दुकान विकलं. बायको गेली, व्हर्ना. त्यांच्या घरात येऊन राहिलो, तळमजल्यावर. वर्षातून एकदा हे एक काम माझं उरलंय. ते मी सोडणार नाही. इथे लिहून ठेवतो.

३ फेब्रुवारी

गाडीच्या किल्ल्या सापडत नाहीत. कर्ट म्हणतो, बर्फ वितळल्यावर शोधू. बर्फाचा आणि किल्ल्यांचा काय संबंध?

५ फेब्रुवारी, गुरुवार

जिंकलो! कर्टने कागदांचा खोका आणून दिला. "घ्या. पण सावकाश करा, घाई नाही."

पहिलंच पान नायिबेचं. कोलंबियाची, बुकारामांगा गावची, बावीस वर्षांची. आमच्याकडे ओ पेअर आहे — म्हणजे घरातलीच होऊन राहायचं, मूल सांभाळायचं, भाषा शिकायची. गेल्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये आली. नातू एमेट सात वर्षांचा आहे, तो तिचा शब्द झेलतो. माझा कधी झेलत नाही.

तिला पाठवणाऱ्या एजन्सीच्या पत्रकात लिहिलंय: नायिबे ही तुमची नोकर नाही, कुटुंबातली एक आहे, तिला दर आठवड्याला पॉकेटमनी द्या. छान! करखात्याला असली नाती कळत नाहीत. आठवड्याला दोनशे डॉलर, कामाच्या बदल्यात. तो पगार. घरच्यांनी त्यातून काही कापायची सक्ती नाही, पण तिने स्वतःचा वेगळा फॉर्म भरायचा आणि पहिल्या डॉलरपासून कर द्यायचा. तिला बोलावून समजावलं. वाचनालयात भेटणाऱ्या कुठल्याशा मुलीने तिला सांगितलं होतं म्हणे, की ती भेट असते, भेटीवर कर नसतो.

मी म्हटलं, "अगं, भेट मिळाली म्हणून कुणी दर शनिवारी दुसऱ्याचं पोर पोहायला नेत नाही."

हसली. "बरोबर, मिस्टर लोवेल."

मुलगी हुशार आहे. एकदा सांगितलं की कळतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

केस कापायला गेलो. मेलिंडाने नायिबेला बरोबर धाडलं — "तिचाही जरा फेरफटका होईल."

वाटेत तिला म्हटलं, एजन्सीचा नियम वाचलायस ना? तू फक्त मुलांना सांभाळायचं. म्हातारे तुझ्या कामात बसत नाहीत!

"मी कुठे सांभाळतेय? मी तर इंग्रजी शिकतेय," ती म्हणाली. खरंच आहे. रोज दुपारी तासभर मी तिला चालता चालता इंग्रजी शिकवतो. तिचं इंग्रजी तसं उत्तम आहे. उच्चार थोडे बाकी आहेत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक मोठी चूक पकडली. ॲपलाही कळली नसती.

कर्टचं म्हणणं, ओ पेअरच्या पगारातून पहिली दोन वर्षं सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनचा हप्ता, कापायची नसते, आणि नायिबेची दोन वर्षं येत्या ऑगस्टपर्यंत आहेत. चूक! सगळे इथेच फसतात. करखातं महिने मोजत नाही, कॅलेंडरची वर्षं मोजतं. ती आली तेव्हाचे ते पाच महिने — ते एक अख्खं वर्ष. गेलं वर्ष दुसरं. दोन्ही संपली. हे तिसरं. म्हणजे या जानेवारीपासून कापायला हवं, घरच्यांनी आपला वाटा घालायला हवा, आणि वर्षअखेर तिला पगाराचा दाखला द्यायला हवा.

कर्टने कुठेतरी फोन करून विचारलं. परत येऊन म्हणाला, "डॅड, तुमचंच बरोबर आहे." आणि माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही वाईट घडलंय. बापाने चूक काढली की पोरांना झोंबतंच. मला मात्र फार बरं वाटलं. रात्री ॲपल पायचा तुकडा दोनदा घेतला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दूध शेगडीवर ठेवून कुणीतरी विसरलं. पातेलं काळं. नायिबेने खिडक्या उघडल्या, घरभर गारठा. हल्ली या घरात कुणाचं लक्ष नसतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

एजन्सीचं पत्रक हाती लागलं. त्यात नायिबेच्या पगाराला चक्क पॉकेटमनी म्हटलंय! तिला बोलावून समजावलं — नाव काहीही द्या, कामाच्या बदल्यात मिळतो तो पगार, त्यावर तिला स्वतःचा फॉर्म भरायला हवा. भेट मिळाली म्हणून कुणी दर शनिवारी दुसऱ्याचं पोर पोहायला नेत नाही, म्हटलं.

हसली. "बरोबर, मिस्टर लोवेल."

एमेट टेबलाखालून ओरडला, "ग्रॅम्पा, हे तू तिसऱ्यांदा सांगतोयस!"

नायिबेने त्याला डोळ्यांनी दटावलं. पोरगं आगाऊ झालंय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

खोक्यात तिच्या कामाच्या तासांचे कागद आहेत. एजन्सीची मर्यादा आठवड्याला पंचेचाळीस तास. कागदावर दर आठवड्याला चव्वेचाळीस. मी बसून मोजलं. एमेटला शाळेसाठी तयार करणं, शाळेतून आणणं, पोहणं, अभ्यास, दोन संध्याकाळी. सव्वीसच्या वर जात नाहीत. उरलेले अठरा तास ही मुलगी करते काय?

कर्टला विचारलं. "असतात घरात कामं, डॅड."

"कसली? कपडे मेलिंडा धुते. बर्फ तू काढतोस."

"असतात," तो म्हणाला आणि गॅरेजमध्ये निघून गेला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. एक तर ती फुगवून लिहिते, नाही तर हा तिला कसल्यातरी दुसऱ्या कामाला जुंपतो. मी कुणाच्याच बाजूचा नाही. हिशेब जुळला पाहिजे एवढंच.

३ मार्च, मंगळवार

फॉर्म पुरा झाला. शेवटी पाळणाघराच्या सवलतीचं पान. आईबाप दोघं कामाला जातात म्हणून मूल सांभाळायला जो खर्च होतो, त्यावर करात थोडी सूट. वरच्या भागात सांभाळणाऱ्याचं नाव, नंबर, दिलेली रक्कम — नायिबे. खालच्या भागात ज्याला सांभाळलं त्याचं नाव — एमेट. एका माणसासाठी तीन हजारांची मर्यादा, दोन असतील तर सहा. आमचं एकच.

दुकान होतं तेव्हा असं पान पुरं झालं की व्हर्ना कॉफी आणून द्यायची. आज आपली आपण केली.

कॉम्प्युटरवरून पाठवायचं तर ओळख पटवायला मागच्या वर्षीच्या उत्पन्नाचा आकडा टाकावा लागतो. माझ्या फायलीत माझ्या हाताने केलेली मागच्या वर्षीची प्रत आहेच. आकडा टाकला. पाठवला.

४ मार्च

परत आला! "मागच्या वर्षीचा आकडा आमच्या नोंदीशी जुळत नाही."

५ मार्च

पुन्हा टाकला. अंक न् अंक बोटाने दाखवत. पुन्हा परत.

एकेचाळीस वर्षांत माझा फॉर्म परत आल्याचं मला आठवत नाही.

८ मार्च, रविवार

कर्टकडे मागितलं — करखात्याकडे गेलेली मागच्या वर्षीची प्रत दे. "शोधतो."

मेलिंडा म्हणाली, "तुम्ही जरा उठा ना डॅड, मी टाकते तो आकडा. दोन मिनिटांचं काम आहे."

तिला कुठला आकडा माहीत? फॉर्म मी भरला होता! उठलो नाही. ती दारात उभी राहिली, मग गेली.

१५ मार्च, रविवार

सगळे चर्चला. नायिबे माझ्यासाठी म्हणून घरी. ओट्यापाशी तिच्या मक्याच्या भाकऱ्या थापत होती. तिला सरळ विचारलं, "मागच्या वर्षी माझ्या फॉर्ममध्ये कुणी हात घातला? तुझाही मीच भरला होता. तुला माहीत असणार."

तिने हात धुतले, पुसले. माझ्या स्वेटरची बटणं एक घर चुकली होती. ती सगळी काढून नीट लावून दिली. खालपासून वरपर्यंत.

"मला नका विचारू, मिस्टर लोवेल. कर्टना विचारा. पण ओरडू नका त्यांच्यावर."

मी कधी ओरडतो?

२१ मार्च, शनिवार

ओरडलो. एमेट घाबरून वर पळाला.

मग कर्ट निळी फाईल घेऊन खाली आला. माझ्यासमोर बसला. फाईल गुडघ्यावरच ठेवली. म्हणाला, "डॅड, मागच्या वर्षी तुम्ही भरलेला फॉर्म आम्ही पाठवलाच नाही. एका टॅक्सवाल्या बाईंकडून नवा करून घेतला. आमचा पण, नायिबेचा पण."

"का?"

"तुम्ही आमच्या उत्पन्नात तुमचं पेन्शन धरलं होतंत." मग फाईलकडे बघत, "आणि मॉमचं पण."

"मग? व्हर्नाला पेन्शन आहेच."

त्याचे डोळे भरून आले होते. पन्नाशीला आलेला माणूस. मला आधी कळेचना, याला झालं काय. मग कळलं.

तो वर गेल्यावर माझी प्रत उघडली. माझंच अक्षर, सरळ, चौकोनी, एक खाडाखोड नाही. अवलंबून असलेल्या व्यक्ती: एमेट. व्हर्ना. व्हर्नाच्या पेन्शनची रक्कम सेंटसकट लिहिलेली. तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

निळी फाईल आज उघडली नाही.

२२ मार्च, रविवार

निळी फाईल वाचली. बाईंचं काम स्वच्छ आहे. सवलतीच्या पानावर सांभाळणाऱ्याचं नाव नायिबे. ज्यांना सांभाळलं, त्यांत पहिल्या ओळीवर एमेट. दुसऱ्या ओळीवर मी. माझ्या नावापुढे चौकटीत खूण — वय बाराच्या वर, स्वतःचं स्वतः करू न शकणारी व्यक्ती.

मग आकडे तपासले. दोनदा. चूक नाही.

या वर्षीच्या फॉर्मवर दुसऱ्या ओळीत माझं नाव मीच लिहिलं. खूण केली. मागच्या वर्षीचा आकडा बाईंच्या प्रतीवरून घेतला आणि पाठवला.

अर्ध्या तासात निरोप आला. स्वीकारला.