मेरीचा झगा

दौंड, १२ नोव्हेंबर १९७४

माझ्या आईला दयाचा प्रभूमध्ये सलाम.

मी बरी हाय, काळजी करू नको. माझा लग्नातला पांढरा झगा आपल्या धाकट्या मेरीला तिच्या लग्नासाठी घट्ट होतो म्हणून मी तुझ्याकडं शिरूरला गोळ्या धाडल्या, त्या तिला देऊ नको. डॉक्टरनं मला वजन उतरवायला लिहून दिलेल्या त्याच ह्या.

गोळ्यांनी भूक मेली तवा मी खूश झाले. आता चार दिवस डोळ्याला डोळा लागला न्हाई आन् छाती सारखी धडधडती. काल ह्यांनी नुसता चहा मागितला, तर मी पोळपाट फेकून मारला. त्यांना लागला न्हाई. पण मी अशी कवा होते गं?

मेरी झोपती का? जेवती का? झग्याला बगलेत पट्टी जोड. देवळात लोक बघतील तर बघू देत.

अक्षराला हसू नको. आधी लिहिलेली दोन कार्डं माझी मलाच वाचता आली न्हाईत, फाडून टाकली.

तुझी दया