फाटकावर लिहिलेले चौघे

३ मार्च
आलो एकदाचे वाळवंटात! दादा गाडी चालवतो, मी नकाशा धरते आणि आई मागे बसून दोघांच्याही चुका काढते. सहल खरं तर बाबांची. एकमेकांना लागून असलेली तीन राष्ट्रीय उद्यानं, सगळे मुक्काम, त्यांनी स्वतःच्या हातानं कागदावर आखून ठेवले होते. गेल्या वर्षी ते गेले आणि कागद कपाटात राहिला. शेवटी आईच म्हणाली की आता निघू या, नाहीतर तो कागद मला खायला उठेल. लाल डोंगर, सरळसोट रस्ता, माणूस औषधालाही नाही. मला फार आवडलंय.

४ मार्च
आत शिरायच्या फाटकावर नोंदवही असते. किती माणसं आहेत ते लिहायचं, माणशी एक सीलबंद पाण्याची कॅन घ्यायची, आणि चार दिवसांनी पलीकडच्या फाटकातून तितकीच डोकी बाहेर काढायची. मी लिहिलं, चार. आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर चारच लिहीत आले, हात सवयीनं चालला. रखवालदारानं गाडीत डोकावून मान डोलावली आणि चार कॅन दिल्या. मी चूक सांगायला तोंड उघडलं तर दादा म्हणाला, फुकटचं पाणी मिळतंय, गप्प बस. आईनं चौथी कॅन शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवून तिला पट्टा लावला. आम्ही पोट धरून हसलो.

५ मार्च
दगडी कमानी बघून परतलो तर चौथ्या कॅनचं सील फुटलेलं, पाणी अर्धं. गाडीला कुलूप होतं. दादाचा संशय आईवर, आईचा माझ्यावर, माझा दादावर. घरचंच भांडण, पाच मिनिटांत मिटलं. आई मात्र नंतर दिवसभर खुशीत होती.

६ मार्च
कॅन डिकीत टाकली. तेव्हापासून गाडीतला पट्ट्याचा भोंगा वाजतोय. मागे डावीकडे कुणीतरी पट्टा न लावता बसलंय म्हणे. मागे डावीकडे कुणी नाही. शेवटी आईनं हात लांबवून तो पट्टा लावला आणि भोंगा थांबला. पट्टा सैल पडला नाही. हवेत ताणून राहिला, माणसाच्या पोटावर राहतो तसा. माझी पाचावर धारण बसली. आई हळूच म्हणाली की त्यांना खिडकीच आवडते.

७ मार्च
आईच्या मनगटावर पाच बोटांचे काळेनिळे वळ. ती म्हणते, प्रेमानं धरलंय. बाबांनी तिला असं कधी धरलं नाही. हे बाबा नाहीत. तिनं स्वतःचं पाणीही त्यालाच पाजलं, ओठ फुटलेत, माझ्या हातचा घोट घेत नाही. अशानं ती मरेल.
दुपारी मधल्या चौकीवर तीच नोंदवही समोर आली. मी चार खोडून तीन केलं. रखवालदारानं दोनदा विचारलं की नक्की ना, कारण खोडलेलं परत लिहिता येत नाही. मी नक्की म्हटलं. गाडीत आले तर तो पट्टा सुटून खाली पडलेला. देवा, सुटलो.

८ मार्च, सकाळ
मागे एकच जण बसलंय. डावीकडे. खिडकीशी. मला दिसत नाही, पट्टा दिसतो — उजवीकडची जागा रिकामी. आईची पिशवी नाही, चप्पल नाही — दादाला ओरडून विचारलं, आई कुठंय. तो आरशात बघून हसला. म्हणाला, कोण आई? आपण तिघंच तर आलो. तू, मी आणि बाबा.

८ मार्च, दुपार
गाडी वळव म्हणते, वळवत नाही — तिला तिथंच सोडून — मीच खोडलं तिला, माझ्या हातानं —

फाटक दिसतंय. मागून हात आलाय. माझं मनगट —

तिचा चेहरा निसटतोय. लिहून ठेवते, विसरायच्या आत — आई सावळी. कपाळ मोठं. हसली की डाव्या — डाव्या गालाला —

कोणाच्या गालाला