हुबेहूब

ता. ३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली लघुकादंबरी वाचली आणि पार डोक्यात गेली! भयकथा म्हणे. भूत नाही, मुडदा नाही, साधं दार करकरत नाही. एका माणसाला वाटतं, आपली बायको पळवून तिच्या जागी कुणी हुबेहूब बाई आणून बसवलीय. बस्स, शेवटपर्यंत हेच. आणि ती बाई! रोज शिव्या खाते, तरी घर सोडत नाही. मी असतो तर दुसऱ्या दिवशी पिशवी उचलली असती.

आमच्या नाटक कंपनीतल्या सुतारकाकांना दिलं वाचायला. नेपथ्य ठोकता ठोकता वाचत बसले आणि खिडकीच्या जागी दार ठोकून मोकळे झाले! आता मॅनेजर माझ्यावर डाफरतोय. हां, काय सांगत होतो? पुढच्या वेळी काहीतरी विनोदी पाठव. माझा मोबाइल पाण्यात पडलाय, म्हणून हा पत्रप्रपंच. बाबांना नमस्कार.

लोभ आहेच, तो या पुस्तकापायी आटू नये.

तुझा धाकटा

ता. ११

चि. भिरभिऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

सुतारकाकांचं वाचून हसले, मग तुझं पत्र फाडावंसं वाटलं. अरे, एवढं वाचलंस आणि एकदाही मनात आलं नाही, की ताईने नेमकं हेच का धाडलं?

बाबा मला ताई मानत नाहीत. म्हणतात, चेहरा अगदी तिचा घेतलायस, पण माझी मुलगी कुठे ठेवलीस? शाळेत शिकवून दमून येते तर आतून कडी. शेजारच्या काकू मध्ये पडतात तेव्हा दार उघडतं. डॉक्टर म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, वाद घालू नका.

ती घर का सोडत नाही, विचारतोस. कुणाच्या भरवशावर सोडू? सरळ लिहायला हात धजेना, म्हणून पुस्तक पाठवलं. आठवडाभर ये रे. मैत्रिणीकडे जाऊन नुसतं झोपायचंय मला. हल्ली आरशात बघायलाही नको वाटतं.

माया आहे म्हणूनच चिडले, हे विसरू नकोस.

ताई

ता. २४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मैत्रिणीचा पत्ता ठेवून गेलीस, तिचा नंबर का नाही ठेवलास? तुझा मोबाइलही बंद. वैताग नुसता!

बाबांनी मला लगेच ओळखलं, त्याचाच जास्त राग आला. कानाशी येऊन म्हणाले, की बरं झालं ती बाई गेली. डॉक्टरांचं न ऐकता मी भांडलो, अल्बम काढून दाखवले. बाबा ढिम्म! वर माझ्याशी अबोला.

काल फोन वाजला, तो त्यांनी उचलला. तू होतीस ना? त्यांचा आवाज ऐकून घाबरून ठेवलास ना? अगं, रिसीव्हर हातात धरून ते रडत होते. म्हणाले, ताईचा फोन होता, जिवंत आहे पोरगी. मी विचारलं, कशावरून? तर मलाच झापलं, की स्वतःच्या लेकीचा आवाज कळणार नाही का मला.

तेव्हापासून फोनशेजारी खुर्ची ओढून बसलेत. गॅसवाल्याचा फोनसुद्धा ताई म्हणून उचलतात. हसू की भिंतीवर डोकं आपटू, कळत नाही. तू फोन कर, आणि ठेवू नकोस.

त्यांचा निरोप आहे, तो जसाच्या तसा लिहितो. तुझी खोली त्यांनी त्या बाईला वापरू दिलेली नाही. कुलूप लावून ठेवलीय, तू कधीही ये.

राग धर, पण माझ्यावरच धर.

तुझा धाकटा