दार लावून वाचायचं पत्र

कोडोली,
८ डिसेंबर २००२

ती. दादास,
स. जयभीम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, तुझा ई-मेल शाहूपुरीतल्या राजवीरनं त्याच्या सायबर कॅफेत छापून एसटीच्या कंडक्टरकडं दिलेला कागद! आईनं उलटसुलट करून पाहिला आणि यात माझ्या लेकाचं अक्षर कुठं हाय म्हणून मलाच रागावली. तेव्हा एखादं पत्र हातानं लिही बाबा.

माझ्या वर्गातल्या डब्याची तू चेष्टा केलीस, पण तो जोरात चालू आहे. मुलींना तोंडानं बोलता येत नाही ते त्या चिठ्ठीवर लिहितात आणि बिस्किटाच्या डब्यात टाकतात. दुसऱ्या दिवशी मी उत्तराची चिठ्ठी त्यांच्या वहीत घालून देते. आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा आमचा करार. आज तुझ्यापुरता तो मोडते आहे.

दहावीत वर्षाराणी आहे, आकारामांची थोरली. पोरगी हुशार. मे महिन्यात तिचं लग्न करायचं घाटतंय. तिला शिकायचंय, पुढं नर्स व्हायचंय, पण घरात तसं म्हणायची सोय नाही. आकारामांशी मी कलाकलानं बोलेन, ते वाईट नाहीत. तोवर तुझ्या ओळखीत मुलींचं एखादं वसतिगृह असेल तर विचार.

हे फक्त तुझ्यासाठी. आबा पलटणीत होते तेव्हाची घरची रीत आठवते ना? कार्ड आलं की उंबऱ्यावर बसून गल्लीला ऐकवायचं, निळं अंतर्देशीय आलं की दार लावून वाचायचं. हे निळं आहे.

लोभ आहेच, तो सगळा त्या कॉम्प्युटरला देऊन बसू नकोस.
तुझी,
दीक्षा


पुणे,
४ जानेवारी २००३

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

आईच्या हुकमावरून हातानं लिहितोय. सवय गेलीय, अक्षर कोंबडीचे पाय झालंय, हसू नका.

तुझ्या पत्रानं कमाल केली! आपल्या भागातून बाहेर पडलेल्या मंडळींचा ई-मेलचा ग्रुप आहे, शंभरावर माणसं आहेत. रविवारी बसून तुझं अख्खं पत्र इंग्रजी अक्षरांत मराठी असं टाईप केलं आणि पाठवलं. एका क्लिकसरशी सगळ्यांकडं! दुबईच्या ज्ञानूला तर रडू आलं. एकानं वसतिगृहाचा पत्ता दिला, दुसरा फी भरतो म्हणतोय. तू लिहितेसच इतकं छान, की मी एका अक्षराला हात लावला नाही. तुमच्या पोस्टावर बसलो असतो तर अजून वाठार ओलांडलं नसतं.

आता सांग, कॉम्प्युटर वाईट का? आईला नमस्कार. माया आहे ती असू दे, रागवायचं असेल तर थोडंसं रागव.
तुझा दादा,
प्रसेनजीत


कोडोली,
१९ जानेवारी २००३

दादास,
जयभीम.

एका अक्षराला हात लावला नाहीस, हे खरं आहे. वर्षाराणीचं नाव तसंच, तिच्या वडिलांचं तसंच. 'हे फक्त तुझ्यासाठी' हेसुद्धा तसंच. ते टाईप करताना तुझा हात कसा रे थांबला नाही?

राजवीर तुझ्या ग्रुपात आहे. तो आकारामांचा भाचा, हे कोडोलीत वाढलेल्या माणसाला मी सांगायचं का? त्यानं कागद छापला आणि मामाच्या हातात ठेवला. आकाराम शाळेच्या फाटकात उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, की पोरीनं घरातलं बाईला सांगितलं आन् बाईनं ते दुबईपतूर पोचवलं, आता ही साळंत न्हाय यायची. मी मान खाली घातली. त्यात खोटं काय होतं?

हेडमास्तरांना घेऊन आकारामांच्या घरी गेले. वय बसत नाही, गुन्हा होईल, असं सांगितलं. लग्न तेवढं लांबवतो म्हणाले, पण पोरीला मावशीकडं निपाणीला धाडलं. जाताना तिनं मैत्रिणीच्या हातून डब्यात चिठ्ठी टाकली. रागाचा एक शब्द नाही. एवढंच, की तुमास्नी सोडून म्या कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून डबा रिकामा आहे. मी रोज उघडते आणि मुली खाली बघतात. तू माझा विश्वासघात केलास दादा, आणि माझ्या हातून तिचा झाला. तुझ्याजवळ मन मोकळं करायला मला आता भीती वाटते.

दीक्षा


पुणे,
२ फेब्रुवारी २००३

चि. दीक्षास,
अ. आ. व जयभीम.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. पण माझ्या मनात काळंबेरं नव्हतं, हे तरी मान. चांगलं करायला गेलो आणि अंगाशी आलं. राजवीर असा निघेल हे कुणाला माहीत? त्याला ग्रुपातून काढून टाकला.

मी ग्रुपवर सगळ्यांची जाहीर माफी मागितली. तुझ्यावर उगाच बोल नको, तुझी बाजू लोकांना कळावी, म्हणून तुझं हे पत्रही खाली जोडलं. सगळ्यांना पटलं. कितीतरी जणांनी मोठ्या मनाचा भाऊ आहेस म्हणून कळवलं. आता तूही मन मोठं कर आणि नेहमीसारखं लांबलचक लिही. माया पातळ करू नकोस.
तुझा दादा,
प्रसेनजीत


(पोस्टकार्ड)
कोडोली,
मार्च २००३

ती. दादास,
स. जयभीम, वि. वि.

इकडं सर्व ठीक. आईचा गुडघा बरा आहे. उन्हं तापू लागली. दहावीची परीक्षा सुरू झाली, एक बाक रिकामं होतं. त्या बाकाचं हॉल तिकीट माझ्याजवळ आहे. बिस्किटाचा डबा घरी आणला, आई त्यात लसूण ठेवते.

तुझं पत्र आईला उंबऱ्यावर बसून वाचून दाखवलं. दार लावलं नाही.

यापुढं तुला कार्डच येईल. हे ग्रुपवर टाकायला हरकत नाही. लोभाबद्दल लिहायला कार्डावर जागा उरली नाही.

दीक्षा